अमेरिकेतील राज्ये, तेथील भयपट आणि त्यांची पोस्टरे

कुंचला

काही दिवसांपूर्वी अमेरिकेचा एक नकाशा पाहण्यात आला. त्यात प्रत्येक राज्याच्या जागी एका भयपटाचे पोस्टर चिकटवलेले होते. मी कोल्हापुरात वाढलो, जिथे बाबूराव पेंटरांचे नाव अजूनही अभिमानाने घेतले जाते, आणि पुढे उपयोजित कलेचे शिक्षण घेतले; त्यामुळे चित्रपटाच्या आधी माझी नजर त्याच्या पोस्टरकडे जाते. तो नकाशा बराच वेळ पाहिला, पण कोणता चित्रपट कोणत्या राज्यात का बसवला आहे, याचा उलगडा होईना. कथा तिथे घडते म्हणून, चित्रीकरण तिथे झाले म्हणून, की ज्या खऱ्या घटनेवरून कथा सुचली ती तिथली म्हणून? या तीनही गोष्टी एकाच राज्यात आल्या, असे फार क्वचित घडते.

म्हणून असा नकाशा आपण सर्वांनी मिळून विचारपूर्वक करावा, असे मनात आले. माझ्या दोन अटी आहेत. पहिली, भीती त्या राज्याच्या भूमीतून उगवलेली असावी, म्हणजे तीच कथा उचलून दुसऱ्या राज्यात ठेवली तर ती ढासळली पाहिजे. दुसरी, त्या भूमीची काही खूण पोस्टरवरही दिसावी.

सुरुवात टेक्ससपासून करतो. 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' (1974) या टोबी हूपर यांच्या चित्रपटाचे चित्रीकरण 1973 च्या उन्हाळ्यात ऑस्टिनजवळच्या राउंड रॉक परिसरात झाले. जेवणाच्या टेबलाचा तो शेवटाकडचा प्रसंग खिडक्या झाकून, तापलेल्या दिव्यांखाली, खऱ्या हाडांच्या आणि सडत चाललेल्या मांसाच्या वासात एका दिवसाहून अधिक काळ सलग चित्रित केला गेला. पडद्यावर रक्त फारच थोडे आहे, आणि तरीही तो पाहताना अंगाला घाम आणि धूळ चिकटल्यासारखे वाटते. त्यातले कुटुंब कत्तलखान्यात पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे आहे आणि नव्या यंत्रांनी त्यांचे काम हिरावून घेतलेले आहे. गुरांच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या राज्यात ही गोष्ट जितकी खरी वाटते तितकी ती इतरत्र वाटणार नाही. पोस्टरवर करवत घेतलेला तो माणूस आहे, मागे आकड्याला लटकवलेली तरुणी आहे, आणि राज्याचे नाव तर शीर्षकातच आहे. दोन्ही अटी पूर्ण होतात.

कोलोरॅडोपाशी मात्र मी अडलो. 'द शायनिंग' (1980) ची प्रेरणा मूळ कादंबरीकार स्टीफन किंग यांना एस्टेस पार्कच्या स्टॅनली हॉटेलात मिळाली. चित्रपटात बाहेरून दिसणारे हॉटेल ऑरेगनमधील माउंट हूडवरचे टिंबरलाइन लॉज आहे, सुरुवातीचा तो वळणावळणाचा डोंगररस्ता मोंटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला आहे आणि आतली सर्व दालने इंग्लंडमधील एल्स्ट्री स्टुडिओत बांधलेली होती. कोलोरॅडोच्या वाट्याला केवळ नाव आले. सॉल बॅस यांच्या पिवळ्याधमक पोस्टरवर तर ना हिमवर्षाव, ना इमारत. अक्षरांच्या आत ठिपक्यांनी काढलेला एक चेहरा तेवढा आहे. बॅस यांनी आधी पाठवलेल्या रेखाटनांत हॉटेल होते, झुडपांचा चक्रव्यूहही होता. दिग्दर्शक कुब्रिक यांनी त्यांवर स्वतःच्या हाताने शेरे लिहून ती परत केली. हॉटेल विचित्र दिसते, चक्रव्यूहावर जास्तच भर आहे, अशा आशयाचे ते शेरे आहेत. म्हणजे जागा पोस्टरवर होती आणि ती जाणीवपूर्वक पुसली गेली. अशा चित्रपटाचे काय करावे?

पाऊलवाट

कुंचला, विषय अतिशय आवडला. मी पंधरा वर्षे न्यू जर्सीत राहते, म्हणून आमच्या राज्याची बाजू मांडते.

'फ्रायडे द थर्टीन्थ' (1980) चे चित्रीकरण राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ब्लेअर्सटाउनजवळच्या हार्डविक इथे, बालवीरांच्या एका खऱ्या शिबिरस्थळी झाले. नो-बी-बो-स्को हे त्याचे नाव आणि तिथे आजही मुलांची शिबिरे भरतात. न्यू जर्सी म्हटले की महामार्ग, तेलशुद्धीकरण कारखाने आणि विमानतळ आठवणाऱ्यांनी हा भाग अवश्य पाहावा. तिथे दाट झाडी आहे, तळी आहेत, आणि संध्याकाळी पाण्यावर धुके उतरले की काठावरच्या लाकडी खोल्यांचे दिवे फार लांबचे वाटू लागतात.

त्याचे पोस्टर अॅलेक्स एबेल यांनी रंगवले. त्यात सुरा घेतलेल्या माणसाची नुसती बाह्यरेषा आहे, त्याला चेहरा नाही, आणि त्या रेषेच्या आत चांदण्यातले जंगल आणि शिबिरातली तरुण मुले दिसतात. तुमच्या दुसऱ्या अटीला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही, कारण इथे मारेकऱ्याचे शरीरच त्या जागेचे बनलेले आहे.

एक भर घालते. 'दि अॅमिटीव्हिल हॉरर' (1979) न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडची कथा आहे, पण तिथे परवानगी न मिळाल्याने चित्रपटातले ते डोळ्यांसारख्या खिडक्यांचे घर आमच्या टॉम्स रिव्हर गावात उभे राहिले. न्यू जर्सी शेजाऱ्यांसाठी बरेच काही करते आणि त्याचे श्रेय तिला सहसा मिळत नाही.

तळ्याकाठी

इलिनॉयच्या चौकटीत त्या नकाशात 'हॅलोविन' (1978) असणार, याची मला खात्री आहे, आणि शिकागोत राहणारा माणूस म्हणून मला ते मान्य नाही.

हॅडनफील्ड, इलिनॉय हे गाव अस्तित्वात नाही. सहलेखिका आणि निर्मात्या डेब्रा हिल न्यू जर्सीतल्या हॅडनफील्ड गावच्या, त्यांनी ते नाव सोबत आणले. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, साउथ पॅसाडिना आणि हॉलीवूडच्या रस्त्यांवर, तेही वसंत ऋतूत झाले. पानगळ दाखवण्यासाठी रंगवलेली पाने रस्त्यावर पसरायची आणि प्रसंग संपला की पुढच्या प्रसंगासाठी ती पुन्हा गोळा करायची, असे काम चाले. लक्ष देऊन पाहिल्यास मागे ताडाची झाडे आणि गाड्यांवर कॅलिफोर्नियाच्या पाट्या दिसतात. बॉब ग्लीसन यांचे पोस्टर श्रेष्ठ आहे यात शंका नाही. भोपळ्याच्या कडा हळूहळू मुठीच्या शिरा होतात आणि मुठीत सुरा दिसतो. पण तो भोपळा अमेरिकेतल्या कोणत्याही अंगणात ठेवता येतो, आणि नेमके तेच त्या चित्रपटाचे बलस्थान आहे.

माझ्या मते इलिनॉयचा खरा भयपट 'कँडीमॅन' (1992). शिकागोतल्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत तो घडतो आणि त्याचा काही भाग प्रत्यक्ष तिथेच चित्रित झाला. सुरुवातीला कॅमेरा सरळ वरून शहराच्या महामार्गांकडे पाहत पुढे सरकतो; ते दृश्य पाहताना हे रस्ते वस्त्यांना जोडण्यासाठी बांधले की तोडण्यासाठी, असा प्रश्न मनात येतो. आरशामागच्या कपाटातून शेजारच्या घरात शिरण्याचा त्यातला प्रकार काल्पनिक नाही. 1987 मध्ये शिकागोच्याच दुसऱ्या एका सरकारी वसाहतीत मारेकरी औषधांच्या कपाटामागच्या पोकळीतून एका महिलेच्या घरात शिरले होते. त्या महिलेने मदतीसाठी पोलिसांना दूरध्वनी केला होता. पोलीस आले, पण दार न फोडता परत गेले. हे वाचल्यानंतर मला चित्रपटातल्या भुतापेक्षा त्या भिंतीची जास्त भीती वाटू लागली. कॅब्रिनी-ग्रीनचा शेवटचा मनोरा 2011 मध्ये पाडला. पोस्टरवर डोळ्याच्या बुबुळात मधमाशी आहे, शहर नाही. तुमच्या दुसऱ्या अटीत तो बसत नसेल तर अट बदलावी, चित्रपट बदलू नये, अशी माझी विनंती आहे.

तिन्हीसांज

'सायको' (1960) कुठे ठेवणार आहात? सुरुवातीलाच पडद्यावर फीनिक्स, ॲरिझोना असे लिहून येते, तारीख आणि वेळही येते. मोटेल मात्र कॅलिफोर्नियात आहे. टेकडीवरचे घर स्टुडिओच्या आवारात बांधलेले, आणि त्याचे रूप एडवर्ड हॉपर यांच्या रेल्वेमार्गाकडेच्या घराच्या 1925 मधील चित्रावरून घेतलेले. मूळ कादंबरीकार रॉबर्ट ब्लॉक त्या काळी विस्कॉन्सिनमध्ये राहत होते आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावरच्या प्लेनफील्ड गावात 1957 मध्ये एड गीन हा खुनी पकडला गेला होता.

हाच एड गीन 'टेक्सस चेन सॉ'च्याही मुळाशी आहे. कुंचला, तुमच्या पहिल्या अटीचा पायाच इथे हलतो. मानवी कातड्याचे मुखवटे सापडले ते विस्कॉन्सिनच्या थंडीत, एका एकाकी शेतघरात. ती भीती टेक्ससच्या उन्हात नेली तर ती ढासळली नाही, उलट फोफावली. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (1991) मधल्या खलनायकातही गीनचा अंश आहे. विस्कॉन्सिनने इतरांना तीन चित्रपट दिले आणि स्वतःच्या चौकटीत ठेवण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही उरले नाही.

कुंचला

तिन्हीसांज, तुमचा आक्षेप मला मान्य करावाच लागेल. विस्कॉन्सिनचा विचार मी केलाच नव्हता. तरीही एक फरक नोंदवतो. गीनचे प्रकरण म्हणजे बी होते. टेक्ससमध्ये ते रुजताना त्याला कत्तलखाना, दुष्काळी माळ आणि पेट्रोल संपलेला पंप अशी तिथली माती मिळाली. बी कुठून आले यापेक्षा झाड कुठे वाढले, हे मी मोजू इच्छितो.

'सायको'च्या पोस्टरबद्दल म्हणाल तर त्यावर घर जवळजवळ नाहीच. अंतर्वस्त्रातल्या अभिनेत्री जॅनेट ली आहेत. शिवाय दिग्दर्शक हिचकॉक यांनी चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा नियम घालून तो मोठ्या जाहिरातफलकांवर छापून घेतला होता. त्या फलकांनी राज्य दाखवले नाही, वेळ दाखवली. पोस्टरने प्रेक्षकाला जागेवर बसवायचे असते, हे काम त्यांनी अक्षरशः केले.

तळ्याकाठी, दुसरी अट मी शिथिल करतो. 1987 च्या त्या घटनेबद्दल मला माहीत नव्हते. ती वाचून काही वेळ दुसरे काही सुचले नाही.

तीन नद्या

पिट्सबर्गहून लिहितो आहे. पेनसिल्व्हेनियाबाबत वाद होण्याचे कारणच नाही, कारण 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (1968) मध्ये कथा, चित्रीकरण आणि माणसे, तिन्ही इथलीच आहेत.

जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे सहकारी पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करत असत. त्यांनी आपापसात पैसे जमवले आणि सुमारे सव्वा लाख डॉलरच्या आत हा कृष्णधवल चित्रपट पुरा केला. सुरुवातीची दफनभूमी शहराच्या उत्तरेला, बटलर परगण्यातल्या इव्हान्स सिटीची आहे. मी तिथे दोनदा गेलो आहे. टेकडीवर चढणारी अरुंद वाट, साधे दगड आणि एक छोटे प्रार्थनागृह. ते मोडकळीला आले तेव्हा चित्रपटाच्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याची दुरुस्ती केली. चित्रपटात बातम्या देणारा वार्ताहर बिल कार्डिल हा पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणीवर खरोखर भयपटांचा कार्यक्रम सादर करणारा माणूस होता. इथल्या प्रेक्षकांना 1 ऑक्टोबर 1968 च्या पहिल्या खेळात आपल्याच ओळखीचा चेहरा, आपल्याच परगण्याचे नाव आणि आपल्यासारख्याच बंदुका घेतलेले गावकरी पडद्यावर दिसले. शेवटी त्या गावकऱ्यांच्या हातून जे घडते, ते नायक ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय असल्यामुळे, त्या वर्षी कोणीही निव्वळ भयकथा म्हणून पाहू शकले नसेल. शेवटची ती खरखरीत स्थिरचित्रे वृत्तपत्रातल्या छायाचित्रांसारखी दिसतात. मला अजूनही ती नीट पाहवत नाहीत.

पोस्टरच्या दृष्टीने याचा इतिहास वेगळाच आहे. चित्रपटाचे नाव ऐन वेळी बदलताना वितरकाकडून शीर्षकाच्या चौकटीवरची स्वामित्वहक्काची ओळ गळाली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार ती ओळ नसेल तर हक्कच उरत नसे. परिणामी चित्रपट सर्वांसाठी खुला झाला, कोणीही त्याच्या प्रती काढाव्या आणि कोणीही त्यासाठी नवे पोस्टर रंगवावे. ज्यांनी तो घडवला त्यांना त्यातून मिळायला हवे होते ते मिळाले नाही, ही गोष्ट मला आजही लागते.

दहा वर्षांनी रोमेरो यांनी 'डॉन ऑफ द डेड' मनरोव्हिल मॉलमध्ये, रात्री दुकाने बंद झाल्यावर चित्रित केला. नाताळची सजावट लागली तेव्हा काम थांबवावे लागले. याच परिसरात, पेन हिल्सच्या टेकडीवर, सत्तरच्या दशकात बांधलेले व्यंकटेश्वराचे मंदिर आहे. दूरच्या गावांतून दर्शनाला येणारी मराठी कुटुंबे परतीच्या वाटेवर याच मॉलमध्ये थांबत आली आहेत, आणि त्यांतल्या फार थोड्यांना त्या सरकत्या जिन्यांची कीर्ती ठाऊक आहे.

पानगळ

मेन राज्याबद्दल कोणीच बोलले नाही, याचे आश्चर्य वाटले. स्टीफन किंग यांच्या गावांनी ते राज्य भरलेले आहे. डेरी हे त्यांचे काल्पनिक गाव बँगोर शहरावर बेतलेले आहे. पण 'इट' (2017) चे बरेचसे चित्रीकरण कॅनडातल्या पोर्ट होप गावात झाले. 'पेट सेमेटरी' (1989) च्या वेळी मात्र किंग यांनी चित्रीकरण मेनमध्येच व्हावे अशी अट घातली आणि ती पाळली गेली. रस्त्यावरून भरधाव जाणारे ते अवजड ट्रक आणि घरामागचे जंगल यांवर ती कथा उभी आहे. किंग स्वतः अशाच एका रस्त्याकडेच्या घरात राहत असताना त्यांना ती सुचली. मेनची चौकट याच चित्रपटाला द्यावी.

आपल्यापैकी अनेकांची मेनशी पहिली ओळख पडद्यावर झालेली नाही, ती नारायण धारप यांच्या लेखनातून, तीही नकळत झाली आहे. धारपांची 'लुचाई' किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर आधारलेली आहे. शाळेत असताना मी ती नाशिकच्या वाचनालयातून आणून एका रात्रीत वाचली तेव्हा हे काही ठाऊक नव्हते. पुढे मूळ पुस्तक हाती आले आणि कळले की हिमवर्षाव गळला, चर्च गळले, तरीही परक्या माणसाने ओसाड वाड्यात बिऱ्हाड केल्यावर गावात पसरणारी कुजबुज जशीच्या तशी राहिली. म्हणून कुंचला, कथा दुसरीकडे नेल्यावर ढासळली पाहिजे ही तुमची अट मला पटत नाही. मेनची भीती महाराष्ट्रापर्यंत आली आणि इथे टिकली.

रानवाट

मेरीलँडमधल्या जर्मनटाउनला राहतो. आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर सेनेका क्रीक उद्यान आहे. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (1999) मधले बरेचसे जंगल म्हणजे हेच उद्यान. रविवारी तिथे मुलांना घेऊन जाणारी मराठी कुटुंबे हमखास भेटतात. उन्हाळ्यात ते जंगल अगदी साधे वाटते. नोव्हेंबरमध्ये पाने गळाली की सगळ्या वाटा सारख्या दिसू लागतात, आणि मग चित्रपटातली ती तीन मुले एकाच ओंडक्यापाशी पुन्हा का येतात ते समजते.

कथेतले बर्किट्सव्हिल हे खरे गाव आहे, वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास. चित्रपटानंतर तिथे लोकांची रीघ लागली आणि गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या. ज्या दंतकथेसाठी लोक येत होते ती चित्रपटकर्त्यांनीच रचलेली होती. तिचे सर्वांत परिणामकारक पोस्टर म्हणजे बेपत्ता व्यक्तींच्या शोधाचा साधा छापील कागद. तीन तरुणांची छायाचित्रे आणि माहिती असलेले ते कागद युटातील सनडान्स महोत्सवाच्या वेळी लावले गेले आणि अनेकांना ते खरे वाटले. चित्रकाराची गरजच पडली नाही. कुंचला, यावर तुमचे मत ऐकायला आवडेल.

आणखी एक पेच. 'दि एक्सॉर्सिस्ट' (1973) आमच्या शेजारच्या जॉर्जटाउनमध्ये घडतो, पण वॉशिंग्टन डी.सी. हे राज्य नाही. ज्या 1949 च्या घटनेवरून विल्यम पीटर ब्लॅटी यांना कादंबरी सुचली, तो मुलगा मेरीलँडचा होता आणि विधींचा मुख्य भाग मिसुरीतल्या सेंट लुइसमध्ये झाला. त्या प्रसिद्ध 75 पायऱ्या आजही आहेत, मी त्या चढलो आहे. घर मात्र पायऱ्यांपासून बरेच आत आहे. खिडकी पायऱ्यांच्या माथ्यावर यावी म्हणून चित्रीकरणासाठी घराला एक खोटा भाग जोडला होता.

कुंचला

रानवाट, पोस्टरचे मूळ कामच सूचना देणे हे आहे, आणि बेपत्ता माणसाचा कागद ही सूचनांमधली सर्वांत करुण सूचना. म्हणून तो कागद मी पोस्टरच मानतो, आणि उत्तम पोस्टर मानतो. त्याची अक्षरे जुळवणाऱ्याने मोह आवरला, ही मोठी गोष्ट आहे.

'दि एक्सॉर्सिस्ट'चे पोस्टर माझ्या खोलीत गेली अनेक वर्षे आहे. दिव्याखाली पाठमोरा उभा असलेला, हातात बॅग घेतलेला धर्मगुरू आणि खिडकीतून उतरणारा प्रकाश. ही दृश्यरचना बेल्जियन चित्रकार रेने माग्रीत यांच्या, वर दिवसाचे आकाश आणि खाली रात्रीचा रस्ता असलेल्या चित्रमालेवरून सुचलेली आहे. प्रकाश आश्वासक असतो हा आपला समज ते पोस्टर उलटवते. त्यात राक्षस नाही, रक्त नाही, आणि रस्ता मात्र नेमका त्या गावचा आहे. राज्य नसले तरी त्याला नकाशात जागा द्यावीच लागेल.

मधल्या सपाट राज्यांविषयी मी स्वतः थोडे शोधले. 'चिल्ड्रन ऑफ द कॉर्न' (1984) नेब्रास्कात घडतो आणि चित्रीकरण शेजारच्या आयोवात झाले. मक्याच्या शेताला राज्याची सीमा कळत नाही, तेव्हा तिथे तक्रार नाही. टेनेसीसाठी 'दि ईव्हिल डेड' (1981) घेतला. मिशिगनची तरुण मंडळी मॉरिसटाउनच्या एका रिकाम्या झोपडीत थंडीने गारठत तो पुरा करत होती, आणि जमिनीतून आलेल्या हाताने गळा पकडलेल्या तरुणीचे त्याचे पोस्टर सर्वांना ठाऊक आहे.

मला खरे अडवले ते 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (1962) ने. हर्क हार्वे कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात शैक्षणिक आणि औद्योगिक लघुपट करणारे दिग्दर्शक. कॅलिफोर्नियाहून गाडीने घरी परतताना त्यांना युटात ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअरचा ओसाड पडलेला भव्य मंडप दिसला, आणि त्यातूनच हा चित्रपट सुचला. सुमारे 33,000 डॉलरमध्ये त्यांनी तो केला. ऑर्गन वाजवणारी एक तरुणी अपघातातून वाचून कॅन्ससहून युटाला नोकरीसाठी निघते, आणि रात्रीच्या काचेत तिला एक पांढरा चेहरा दिसू लागतो. तो चित्रपट कॅन्ससचा नाही आणि युटाचाही नाही. ती भीती त्या दोहोंमधल्या एकट्या गाडीत आहे. तो मंडप 1970 मध्ये जळाला.

तिन्हीसांज आणि पानगळ यांचे म्हणणे मला इथे पूर्ण पटले. राज्याची चौकट आणि त्यात एक पोस्टर, हा आराखडा मी सोडून देतो. मोठ्या कागदावर नकाशा काढायला घेतला आहे. कथेच्या जागी लाल ठिपका, चित्रीकरणाच्या जागी निळा आणि मूळ घटनेच्या जागी काळा, आणि ते जोडणाऱ्या रेषा. प्लेनफील्डच्या काळ्या ठिपक्यापासून आताच तीन रेषा निघाल्या आहेत. पोस्टरे समासात येतील. अलास्कासाठी 'थर्टी डेज ऑफ नाइट' (2007) घ्यावा असे वाटते. तो बॅरो गावात घडतो, जिथे हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवत नाही. त्याचे चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झाल्याने ती रेषा कागदाबाहेर जाईल.

माळरान

ऑस्टिनला राहतो, धागा आजच वाचला. टेक्ससमध्ये निळे ठिपके दोन द्यावे लागतील. राउंड रॉकच्या ज्या रस्त्यावर 'टेक्सस चेन सॉ'मधले ते घर होते तिथे आता त्याची काही खूण नाही. 1998 मध्ये ते घर सुटे करून किंग्जलंड गावी नेले आणि तिथे पुन्हा जसेच्या तसे उभारले. आता तिथे उपाहारगृह आहे. मागच्या महिन्यात आम्ही तिथे जेवलो. आत शिरल्याबरोबर समोर तोच जिना आहे.